सहा डिसेंबरच्या गाडीत आजी का येत नाहीत?

दरवर्षी डिसेंबरचा पहिला आठवडा आला की भुसावळ जंक्शनचा फलाट पांढऱ्या साड्यांनी आणि निळ्या झेंड्यांनी भरून जातो. नागपूर-अकोल्याकडून येणाऱ्या गाड्या आधीच खच्चून भरलेल्या असतात. तरी आपली माणसे चढतात, दारात उभी राहतात, एकमेकांच्या पायाशी बसतात आणि दादरला पोहोचतात. चैत्यभूमीचे दर्शन घेऊन तसेच परत येतात. कुणी तक्रार करीत नाही.

पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट आमच्या लक्षात आली. भाकरी-ठेच्याचे गाठोडे घेऊन सगळ्यांच्या आधी फलाटावर येणाऱ्या काही आज्या आता येतच नाहीत. विचारले तर म्हणतात, "गुडघे धरतात." कुणी म्हणते, "गर्दी सोसवत नाही आता." वय झाले म्हणून आम्हीही ते खरे मानले.

खरे कारण वर्षावासात कळले. विहारात ग्रंथवाचन संपले, पुरुष मंडळी उठून गेली, सतरंज्या गोळा करायला आम्ही चार-सहा बायका उरलो. तेव्हा एक आजी हळूच बोलल्या, "गुडघ्याचं काही नाही माय. खोकला आला की लुगडं ओलं होतं. गाडीत संडासापर्यंत जायला वाट नसते. चारचौघांत लाज जाईल, म्हणून जात नाही मी."

त्या बोलल्या आणि जणू बांध फुटला. एकीने सांगितले, ती वंदनेला मुद्दाम दाराजवळ बसते. दुसरी खीरदान व्हायच्या आधीच घरी निघते. तिसरी लग्नाला जायचे असले की सकाळपासून पाणी पीत नाही, आणि तेही आपल्या भुसावळच्या मे महिन्यात, जिथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. चौथी म्हणाली, "खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं, दोन वर्षं झाली." घरात कुणाला सांगितले का, असे विचारले तर सगळ्यांचे उत्तर एकच आले : "हे काय सांगायचं असतं का?"

आमचे म्हणणे असे आहे की हे सांगायचे असते. शिंकताना, खोकताना, हंडा उचलताना लघवी सुटणे हा म्हातारपणाचा दंड नाही. तो एक त्रास आहे, त्याला कारण आहे, आणि बहुतेक बायकांच्या बाबतीत पहिला उपाय बिनपैशाचा आहे. तो उपाय आपल्या वस्तीतल्या बायकांना कुणी शिकवला नाही. आता तो आपण आपल्या विहारात शिकवला पाहिजे.

झोळी सैल होते तेव्हा

आपल्या घरात मूल निजवायला झोळी बांधतात, ती डोळ्यांपुढे आणा. तशीच एक झोळी प्रत्येक माणसाच्या ओटीपोटाच्या तळाशी असते. ती कापडाची नसून स्नायूंची असते. पुढे लघवीच्या जागेवरच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ती ताणलेली असते. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि संडासचा मार्ग हे सगळे तिच्यावर टेकलेले असते. आपण खोकलो की पोटातला दाब खाली येतो आणि त्याच क्षणी ही झोळी वर आवळून लघवीचा मार्ग बंद ठेवते. आपल्याला ते कळतही नाही.

झोळी सैल झाली की तीन प्रकारचे त्रास होतात. पहिला, खोकला, शिंक, हसणे किंवा वजन उचलणे झाले की लघवीचे थेंब सुटतात. दुसरा, लघवीची घाई एकदम येते आणि संडासापर्यंत पोहोचण्याआधीच सुटते. यात लघवीची पिशवी वेळेआधी आवळते, तिला थोपवायला हीच झोळी लागते. तिसरा, खाली जडपणा वाटतो, मायांगातून काहीतरी उतरल्यासारखे वाटते. त्याला आपल्याकडे 'अंग बाहेर येणे' म्हणतात. एकाच बाईला दोन किंवा तिन्ही त्रास असू शकतात.

झोळी सैल का होते? बाळंतपणात ती खूप ताणली जाते. त्यानंतर विश्रांती मिळाली तर बरीच सावरते. पण आपल्या आया-आज्यांना विश्रांती कुणी दिली? बाळंत होऊन दहा-बारा दिवसांत विटा वाहायला, कापूस वेचायला, दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करायला त्या उभ्या राहिल्या. पुढे जन्मभर पाण्याचे हंडे, सरपणाचे भारे, भाजीच्या पाट्या. संडासला वेळेवर जायची सोय नाही म्हणून दाबून धरणे, त्यातून बद्धकोष्ठ आणि मग कुंथणे. चुलीच्या धुराने, मशेरी-तंबाखूने लागलेला खोकला. अंगावर वाढलेले वजन. हे सगळे त्या एका झोळीवर येऊन पडते.

त्यात पाळी जाते. आपल्या देशात बायकांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा चार-पाच वर्षे आधी. पाळी थांबली की इस्ट्रोजेन नावाचे स्त्रीरस कमी होते. त्यामुळे खालची त्वचा पातळ व कोरडी पडते, लघवीच्या मार्गाची पकड कमी होते, जळजळ आणि जंतुसंसर्ग वाढतो. वयाबरोबर स्नायूही बारीक होतात. म्हणून तिशीत जो त्रास कधीमधी होता, तो पन्नाशीनंतर रोजचा होतो. पण स्नायू हा शेवटी स्नायू आहे. साठीत किंवा सत्तरीत व्यायाम केला तरी तो बळकट होतो.

लाज कुणाची?

काही जण म्हणतील, विहारात असले विषय कशाला? आम्ही त्यांना तथागतांच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवायला सांगतो. एक भिक्खू अतिसाराने आजारी पडला होता आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. बाकीच्या भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला एकत्र करून समजावले की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आवर्जून घेतला आहे. वर्षावासात आपण तो दरवर्षी वाचतो. ज्या सतरंजीवर बसून तो ऐकतो, तिच्यावरच दाराजवळ एक आजी अंग चोरून बसलेली असते.

शरीर ओवळे असते, बाईचे तर जास्तच, ही शिकवण आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात मागे टाकली. धम्मात शरीराचे बत्तीस भाग मोजून त्यांचे चिंतन करतात, त्यात लघवीचेही नाव आहे. जे आहे ते आहे तसे पाहायचे. मग घरात त्याचे नाव काढायला लाज का वाटावी?

बाबासाहेबांनी बाईच्या शरीराचा प्रश्न विधिमंडळात मांडला होता, हेही विसरू नये. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कौन्सिलमध्ये प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितले की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना खाणीत काम करणाऱ्या बायकांच्या प्रसूती लाभाचे काम त्यांच्याच हातून झाले. जी विश्रांती त्यांनी मागितली, ती आपल्या वस्तीतल्या असंघटित कामगार बाईला आजही मिळत नाही. तिच्या सैल झालेल्या झोळीचे मूळ तिथे आहे. तेव्हा लाज वाटायचीच असेल तर ती तिला नव्हे, व्यवस्थेला वाटली पाहिजे.

व्यायाम कसा करायचा

हा व्यायाम डॉ. अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली वैद्यकीय जगापुढे मांडला, म्हणून त्याला 'केगल व्यायाम' म्हणतात. सत्तर वर्षांहून जास्त काळ जगभर तो तपासला गेला आहे. २०१८ साली अशा ३१ चाचण्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या बायकांपैकी ज्यांनी हा व्यायाम केला त्यांच्यात शंभरातल्या ५६ जणींनी 'त्रास गेला' असे सांगितले. ज्यांनी काहीच केले नाही त्यांच्यात असे सांगणाऱ्या फक्त ६ होत्या. गोळी नाही, सुई नाही, पैसा नाही, आणि हा फरक.

आधी स्नायू ओळखायचा. चारचौघांत बसलो आहोत, पोटात वारा धरला आहे आणि तो सुटू द्यायचा नाही, असे समजा. त्याच वेळी लघवीही थांबवायची आहे. मागची आणि पुढची जागा एकदम आवळून आत आणि वर ओढायची. आत काहीतरी वर उचलल्यासारखे वाटले की तोच तो स्नायू. नीट कळत नसेल तर अंघोळीच्या वेळी स्वच्छ बोट मायांगात ठेवून आवळून पाहावे. बोटाभोवती पकड जाणवली तर बरोबर आहे.

मग व्यायाम असा :

१. लघवी करून यावे. सुरुवातीला पाठीवर झोपून गुडघे उभे करावेत. जमू लागले की बसून आणि मग उभ्याने करावे.

२. श्वास सोडत स्नायू आत-वर ओढावा. तीन ते पाच अंक मोजेपर्यंत धरावा. मग पूर्ण सैल सोडावा आणि तेवढेच अंक मोजून विसावा घ्यावा. असे आठ ते दहा वेळा.

३. त्यानंतर झटपट आवळून लगेच सोडावे, तेही आठ ते दहा वेळा. शिंक एकाएकी येते, तेव्हा हाच झटका कामाला येतो.

४. दिवसातून तीन वेळा करावे. सकाळी वंदनेनंतर, दुपारी जेवणानंतर जरा पडतो तेव्हा आणि रात्री अंथरुणावर. एका वेळेला पाच मिनिटे पुरतात.

५. हळूहळू धरण्याचा वेळ दहा अंकांपर्यंत वाढवावा.

चुका कुठे होतात? श्वास कोंडून धरला जातो. मांड्या, कुल्ले किंवा पोट आवळले जाते आणि खरा स्नायू तसाच राहतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे वर ओढण्याऐवजी संडासला बसल्यासारखा खाली जोर देणे. त्याने त्रास वाढतो. म्हणून एक हात पोटावर ठेवावा. पोट फुगत असेल तर आपण उलटे करतो आहोत. पोट मऊ आणि श्वास चालू, एवढी खूण पुरे. आनापान साधनेला बसणाऱ्या उपासिकांना हे लवकर जमेल, श्वासाकडे लक्ष ठेवायची सवय त्यांना आहेच. आणि सैल सोडणे हाही व्यायामाचा अर्धा भाग आहे, तो गाळू नये.

लघवी करता करता मध्येच थांबवून व्यायाम करायचा, असे काही जणी सांगतात. स्नायू ओळखण्यासाठी एखाद्या वेळी तसे केले तर चालेल, रोज नको. त्याने पिशवी पूर्ण रिकामी होत नाही.

आता रोजच्या कामात त्याचा उपयोग. खोकला येतोय असे वाटले, हंडा उचलायचा आहे, खाटेवरून उठायचे आहे, तर आधी आवळा, मग खोका, मग उचला. 'आधी आवळा, मग उचला' एवढे वाक्य पाठ केले तरी पुष्कळ. अमेरिकेत वयस्क स्त्रियांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात फक्त ही युक्ती शिकून आठवडाभरात खोकताना सुटणारी लघवी बरीच कमी झाली.

लघवीची घाई एकदम आली तर धावू नये. धावले की सुटते. जिथे असाल तिथे थांबावे, जमले तर बसावे, पाच-सहा वेळा झटपट आवळावे. लाटेसारखी आलेली घाई ओसरते. मग सावकाश चालत जावे. दर अर्ध्या तासाला 'असू दे' म्हणून जाऊन यायची सवय असेल तर दोन वेळांमधले अंतर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवावे.

फरक दिसायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. पहिल्या पंधरा दिवसांत काही झाले नाही म्हणून सोडणाऱ्या बायका फार. आणि बरे वाटले तरी दिवसातून एकदा चालू ठेवावे, कारण काम थांबले की स्नायू पुन्हा सैल पडतो.

सोबत या गोष्टी पाळाव्यात. पाणी कमी पिऊ नये. आपल्या उन्हाळ्यात त्याने मूतखडा आणि लघवीचा जंतुसंसर्ग होतो, दाट लघवीने घाई उलट वाढते. चहा कमी करावा. दिवसाला सहा-सात कप होत असतील तर दोनवर आणावे. पालेभाजी, डाळी, कळण्याची भाकरी खाऊन पोट साफ ठेवावे, कुंथू नये. मशेरी सोडावी. वजन जास्त असेल तर थोडे उतरले तरी फरक पडतो. साखरेचा आजार असेल तर साखर ताब्यात ठेवावी, कारण वाढलेल्या साखरेने लघवी वाढते.

पिशवी काढणे हा पहिला उपाय नव्हे

आता जिथे आमचा राग आहे, त्या गोष्टीकडे येतो. आपल्या बायका या त्रासासाठी दवाखान्यात जातात तेव्हा पुष्कळदा दोनच उत्तरे मिळतात. एक, "वय झालं, चालायचंच." दुसरे, "पिशवी काढून टाका." व्यायाम कुणी सांगत नाही. सांगितला तरी छापील कागद हातात देतात, करवून घेत नाहीत. आमच्यातल्या एकीची पिशवी पाळी जाण्याच्या वयातच 'पुढे त्रास नको' म्हणून काढली. कर्ज झाले, दोन महिने काम बुडाले आणि लघवी सुटायची ती सुटतेच आहे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचे काय झाले, ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने वाचले. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. आरोग्य विभागाच्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कित्येकींनी चाळिशीही ओलांडली नव्हती. पाळीमुळे खाडा पडू नये, मुकादमाचा दंड लागू नये, अंगावरून पांढरे जाते त्याचा कॅन्सर होईल, अशी भीती आणि गरिबी दोन्ही त्यामागे होती. या बायका कोणत्या समाजातल्या होत्या, हे वेगळे सांगायला नको : दलित, वंजारी, भटके-विमुक्त. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी पाळाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. तो राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अशाच गरीब बायकांच्या प्रकरणात होता.

आम्ही शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. कर्करोग, मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव किंवा अंग पूर्ण बाहेर आले असेल तर ती करावी लागते आणि जीव वाचतो. पण लघवी सुटते म्हणून पिशवी काढणे हा त्यावरचा उपाय नाही. उलट पिशवीला धरणारे बंध कापले गेल्याने काही बायकांत पुढे अंग उतरणे वाढते. सोबत दोन्ही बीजकोश काढले तर पाळी त्याच दिवशी कायमची जाते आणि वर सांगितलेले सगळे त्रास लवकर सुरू होतात. म्हणून कुणी 'काढून टाका' म्हटले तर तीन प्रश्न विचारा : का काढायची? न काढता दुसरा उपाय कोणता? बीजकोश ठेवणार की काढणार? आणि घाईचा प्रसंग नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांना, शक्यतो जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दाखवून मगच ठरवा. रेल्वेत नोकरी केलेल्यांच्या घरच्या बायकांना भुसावळचे रेल्वे रुग्णालय आहे. अंग उतरले असेल तर आत बसवायची रिंग मिळते. कोरडेपणासाठी मलम मिळते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे, पण आहे हे आपल्याला माहीत असावे.

काही वेळा मात्र व्यायामाच्या भरवशावर थांबू नये. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, एक डाग जरी, तर लगेच दाखवावे. तो कर्करोगाचा इशारा असू शकतो. लघवीत रक्त, थंडीताप आणि जळजळ, लघवी तुंबणे, शस्त्रक्रियेनंतर दिवसरात्र लघवी झिरपणे, पायांत अचानक बधिरपणा, मायांगात गाठ हाताला लागणे किंवा व्यायाम करताना दुखणे, यांतही थांबू नये.

'पाणी नाही, संडास नाही, आणि तुम्ही व्यायाम सांगता?'

हा प्रश्न आम्हाला वस्तीतल्या एका तरुण कार्यकर्त्याने विचारला आणि तो बरोबर आहे. नळाला रोज पाणी नाही. आले की सगळे सोडून हंडे-ड्रम भरायचे. सार्वजनिक संडासाला रांग, दाराला कडी नाही, रात्री दिवा नाही. ज्या बाईला लघवीची घाई आहे तिला पन्नास पावले चालून रांगेत उभे राहावे लागते. अशा बाईला 'स्नायू बळकट करा' सांगणे म्हणजे व्यवस्थेचे ओझे तिच्याच अंगावर टाकणे नाही का?

तसे होऊ शकते, म्हणून आम्ही दोन्ही गोष्टी बरोबर मागतो. नगरपरिषदेकडे वस्तीतल्या संडासांना कडी, दिवा आणि पाणी मागितले पाहिजे, आणि ती मागणी या आज्यांचे नाव घेऊन मागितली पाहिजे. सहा डिसेंबरच्या गाड्यांत आणि फलाटांवर बायकांसाठी पुरेशी स्वच्छतागृहे रेल्वेकडे मागितली पाहिजेत. सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्टने हा व्यायाम करवून घ्यावा, आशाताईंच्या घरभेटीत पन्नाशीच्या पुढच्या बाईलाही प्रश्न विचारला जावा. आज बाईची विचारपूस गरोदरपणात होते, नसबंदीपर्यंत होते. मूल होणे संपले की ती आरोग्यखात्याच्या वहीतून जवळजवळ पुसली जाते.

हे नवे नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, पण त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के होत्या. बायका सोसतात याचा अर्थ त्यांना त्रास नाही असा होत नाही. त्यांना कुणी विचारलेले नसते, इतकेच.

पण मागण्या मान्य व्हायला वर्षे लागतात, आणि आजी सत्तरीच्या आहेत. त्यांना पुढच्या सहा डिसेंबरला जायचे आहे. संडासाला कडी बसेपर्यंत त्यांनी घरात कोंडून का घ्यावे? आपले पूर्वज चवदार तळ्याचे पाणी घ्यायला महाडला गेले आणि घरी मुलांना शाळेतही घालत राहिले. हक्क मागणे आणि आपले बळ वाढवणे ही कामे आपल्या चळवळीने नेहमी बरोबरच केली आहेत.

विहारात काय करता येईल

आम्ही आमच्याकडे सुरुवात केली आहे, ती सांगतो. पौर्णिमेच्या वंदनेनंतर अर्धा तास फक्त बायकांचा ठेवला. पुरुष बाहेर चहा करतात. सतरंजीवर झोपून, गुडघे उभे करून सगळ्या जणी एकत्र आकडे मोजतात. पहिल्या दिवशी हसण्यातच वेळ गेला, आणि हसताना दोघींची पातळे ओली झाली तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "हे बघा, यासाठीच शिकायचं!" त्यानंतर लाज उरली नाही. सरकारी रुग्णालयातल्या एका नर्सताई, आपल्याच वस्तीतल्या, येऊन चुका दुरुस्त करून गेल्या. ज्यांना कळत नाही त्यांना मंडळातली एक जण घरी जाऊन दाखवते. दाराजवळची जागा आता आजींसाठी राखून ठेवली आहे, आणि ती लपायची जागा उरलेली नाही.

सुनांना आम्ही सांगतो, बाळंतपणानंतर हा व्यायाम आतापासूनच करा, म्हणजे सासूच्या वयात तो त्रास टाळायला मदत होईल. मुलांना सांगतो, आई लग्नाला यायचे टाळते, बसमध्ये बसायला नको म्हणते, तेव्हा 'म्हातारी हेकट झाली' म्हणू नका. तिला विचारा, किंवा बायकोला विचारायला सांगा. रिकामे हंडे तिच्यापुढे ठेवू नका, तुम्ही भरा. रात्री तिच्या खाटेपासून संडासापर्यंत दिवा लावून ठेवा. आणि हे स्नायू पुरुषांनाही असतात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी सुटणाऱ्या आजोबांनाही डॉक्टर हाच व्यायाम सांगतात.

वर्षावासात पहिल्यांदा बोललेल्या त्या आजी गेले अडीच महिने रोज तीन वेळा व्यायाम करताहेत. पूर्ण बरे झाले असे त्या म्हणत नाहीत. मोठा खोकला आला तर अजून थोडे सुटते. पण रात्री चारदा उठायच्या त्या आता एकदा-दोनदा उठतात, आणि परवा वंदनेनंतर खीर संपेपर्यंत बसल्या. निघताना त्यांनी विचारले, "दादरचं तिकीट कोण काढतंय? माझंही धरा."

त्यांच्यासाठी आम्ही डब्यात संडासाजवळचीच जागा धरणार आहोत. गाठोड्यात एक जास्तीचे लुगडे आणि जुन्या सुती कापडाच्या घड्या ठेवणार आहोत. सोबतीला आमच्यातल्या दोघी असतील. तुमच्या वस्तीतही अशी एखादी आजी घरात बसून राहिलेली असेल. सहा डिसेंबरच्या आधी तिच्याकडे जाऊन बसा, आणि गुडघ्यांपलीकडचे विचारा.

जयभीम! नमो बुद्धाय!